गच्चीवर कोण झोपतं

"आमची कुंदा झोपते ना गच्चीवर," बाबा म्हणाले, आणि वाचनालयातली सगळी डोकी माझ्याकडे वळली.

मी पंख्याखालची खुर्ची धरून निवांत बसले होते. मे महिन्यातलं नागपूर, संध्याकाळ झाली तरी भिंती तापलेल्याच. कॉलनीच्या मीटिंगमध्ये माझं काही काम नव्हतं. बाबा दुपारी एवढंच बोलले होते, "चल माझ्यासोबत, बसून राहशील." मला कशाला बसवून ठेवलंय ते आता कळलं. मला साक्षीला आणलं होतं, आणि साक्ष काय द्यायची ते सांगितलंही नव्हतं.

गच्चीवर मी शेवटची कधी झोपले तेही मला आठवत नव्हतं. घरात कूलर आला आणि मी माझ्या खोलीचं दार लावून त्याच्यासमोर पसरायला लागले, ते आजतागायत. त्याची घरघर इतकी, की घरात कोणी ढोल वाजवला असता तरी मला पत्ता लागला नसता.

"असं आहे का, कुंदाताई?" सेक्रेटरी गंध्यांनी चष्मा कपाळावर चढवून विचारलं.

आता हे प्रकरण काय होतं ते सांगायला पाहिजे, नाहीतर म्हणाल, गच्चीवर कोण झोपतं याची चौकशी करायला मीटिंग कशाला लागते? आमच्या कॉलनीत लागत होती.

कॉलनीचं कागदावरचं नाव शारदा कॉलनी, पण सारं नागपूर तिला कारकून कॉलनी म्हणायचं. इंग्रजांच्या काळात सचिवालयातल्या कारकुनांनी सोसायटी काढून ती बांधली. आणि प्रत्येक कारकुनानं काय करावं? आपल्या साहेबाच्या बंगल्याची नक्कल. जंगल खात्यातल्या पाठकांच्या घराला उतरती मंगलोरी कौलं आणि लाकडी झालर. आमच्या शेजारच्या देवपुजाऱ्यांचे आजोबा कमिशनरच्या हाताखाली, म्हणून त्यांच्या छपरीला दगडी कमानी. कमानी साहेबाच्याच मापाच्या, घर मात्र कारकुनाचं, त्यामुळे कमान संपली की घरही संपत आलेलं. माझे आजोबा बांधकाम खात्यात नकाशे काढायचे. त्यांनी मुंबईला समुद्राकाठी नवीन इमारती पाहिल्या आणि येऊन आमच्या घराला गोल सज्जा आणि जहाजासारखे लोखंडी नळ्यांचे कठडे लावले. समुद्र नाही, नदी नाही, आणि मधेच हे जहाज. बाहेरगावचे विद्यार्थी हल्ली येऊन फोटो काढतात. लहानपणी मला त्याची लाज वाटायची.

पण एवढी सोंगं वेगवेगळी असली तरी आत सगळी घरं सारखीच होती. हातभर जाडीच्या भिंती, उंच छत, काळ्या दगडाचं जोतं आणि वर सपाट गच्ची. पाठकांच्या घरालाही मागच्या अर्ध्या भागावर गच्ची होतीच. गच्च्या सगळ्या एका पातळीत. कारण उन्हाळ्यात अख्खी कॉलनी वर झोपायची. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायचं, सतरंज्या टाकायच्या, सुरई भरून ठेवायची. म्हणून सोसायटीचा पहिल्या दिवसापासूनचा नियम होता : ज्या शेजाऱ्याचं कुटुंब उन्हाळ्यात गच्चीवर झोपतं, त्याच्या संमतीवाचून कोणी वरचा मजला चढवायचा नाही. वरच्या खिडकीतून खाली झोपलेल्या बायामाणसांवर नजर पडू नये, एवढा साधा हेतू. निदान आम्हाला तसंच सांगितलेलं होतं.

आणि आता देवपुजारी काकांना मजला चढवायचा होता. त्यांच्या हेमंतचं लग्न होऊन तीन वर्षं झाली होती. त्या कमानींच्या घरात काका, काकू, काकांची विधवा बहीण, हेमंत, त्याची बायको पल्लवी आणि वर्षाची पोर. हेमंत हिंगण्याच्या कारखान्यात होता आणि कंपनी त्याला पुण्याला चल म्हणत होती. वर दोन खोल्या झाल्या तर तो राहणार होता, नाही झाल्या तर महिनाअखेरीस होकार कळवून बायकोपोरीला घेऊन जाणार होता. काकूंनी नातीला अंघोळ घातल्याशिवाय चहा घेतला नव्हता कधी. कॉलनीत हे सगळ्यांना माहीत होतं आणि सगळ्यांनी मान डोलावली होती. अडून बसले होते ते एकटे आमचे बाबा.

वामनराव पेंढरकर. कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. रस्त्यात कोणी काही मागितलं तर खिशात हात घालणारा माणूस. तो शेजाऱ्याच्या पोराला घरातून घालवायला का निघाला होता, ते मला कळत नव्हतं. घरी विचारलं तर म्हणायचे, "नियम आहे."

गंधे वाट पाहत होते. मी तोंड उघडणार तेवढ्यात देवपुजारी काकाच उठले.

"राहू द्या गंधे," ते म्हणाले. त्यांनी माझ्याकडेही पाहिलं नाही आणि बाबांकडेही नाही. "वामनराव म्हणतात तर असंच असेल. पुढचा विषय घ्या."

"बाबा, राहू द्या म्हणजे काय?" हेमंत मागून उभा राहिला. "तुम्ही काय बोलून राहिले? मग मी कंपनीला काय सांगू?"

"बस खाली."

"पेंढरकर काका, तुम्ही मला खांद्यावर घेऊन गणपती दाखवायला नेलं आहे. माझी खिडकी तुम्हाला खुपते?"

टोपी मांडीवर ठेवून बाबा तिच्यावरची घडी बोटानं दाबत बसले. आणि मागच्या रांगेतून एक बाई शेजारणीला म्हणाली, हळू म्हणाली पण मला ऐकू येईल इतकं, "बरोबरच आहे. घरात लग्नाची पोरगी असल्यावर बाप काय करणार?"

लग्नाची पोरगी. मी चौतीस वर्षांची होते. टेलिफोन ऑफिसात सुपरवायझर होते, माझ्या हाताखालच्या मुलींचीसुद्धा लग्नं होऊन बारशी झाली होती. माझं का झालं नाही, यावर या बायांनी माझ्यामागे किती पोहे संपवले असतील ते देवाला माहीत. आणि आता माझ्याच बापानं मला उचलून त्यांच्या ताटात वाढलं होतं. कानशिलं तापली माझी.

"नाही," मी उभी राहून म्हणाले. "मी खाली झोपते, दार लावून, कूलरसमोर. गच्चीवर आमच्याकडचं कोणीच झोपत नाही."

मी खरं बोलले ते हेमंतसाठी असं नंतर सगळ्यांनी धरलं. तेव्हा मला हेमंतही दिसत नव्हता आणि त्याची पोरही. मला फक्त राग आला होता.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. नुसतं पाहिलं, मग टोपी डोक्यावर घातली आणि गंध्यांना म्हणाले, "मग प्रश्नच मिटला. लिहा, माझी हरकत नाही." मीटिंग संपेपर्यंत ते बसून राहिले. नालीच्या दुरुस्तीसाठी हातसुद्धा वर केला.

घरी येताना ते चार पावलं पुढे चालत होते. फाटकाशी थांबून म्हणाले, "ऊन उतरलं वाटते." त्या संध्याकाळी ते एवढंच बोलले.

मीही अबोला धरला. मला का म्हणून वाईट वाटावं, मी काय खोटं बोलले? आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, मी ताट वाढायची, ते जेवायचे, मी भांडी उचलायची. देवपुजाऱ्यांकडे दुसऱ्याच आठवड्यात रेती आणि गिट्टी पडली. हेमंतनं कंपनीला नकार कळवला आणि संत्राबर्फी घेऊन आमच्याकडे आला. बाबांनी एक वडी तोंडात टाकली, पोरीला मांडीवर घेतलं, तिच्या पायातलं वाजणारं वाळं कौतुकानं पाहिलं. म्हटलं, झालं, निवळलं. तरी ते दिवसाढवळ्या खुर्चीत पेंगायला लागले होते. डोळ्यांखाली काळं आलं होतं. मी कामावर निघताना पाहायची आणि वाटायचं, अजून रुसलेच आहेत.

मग एका रविवारी सकाळी इंदूकाकू कुरड्यांचा चीक घेऊन आल्या. देवपुजारी काकांची बायको, आईची जिवाभावाची मैत्रीण. त्यांच्या गच्चीवर सळया उभ्या राहिल्या होत्या, वाळवण घालायला जागा नव्हती.

"तुमच्या गच्चीवर घालू का, कुंदा?"

"विचारता काय काकू, चला. मीही येते हाताखाली."

आम्ही धोतर पसरलं आणि कुरड्या घालायला बसलो. काकू दाबायच्या, मी सोऱ्या भरून द्यायची. काकू एरवी तोंड मिटणारी बाई नव्हे. त्या दिवशी काही बोलेनात. मला वाटत होतं त्या कधीतरी म्हणतील, कुंदा, तुझ्यामुळे आमचं पोर घरात राहिलं. मी ते ऐकायला थोडी तयारीतच होते, खोटं कशाला बोलू.

पाण्याच्या टाकीकडे बघून त्या म्हणाल्या, "ती सतरंजी खाली घेऊन जा. पावसात भिजेल."

टाकीच्या मागे सतरंजी गुंडाळून ठेवली होती. तिच्यात एक उशी. शेजारी उपडा तांब्या.

"ही कोणाची?" मी विचारलं.

काकूंचे हात थांबले. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी सोऱ्या खाली ठेवला.

"तुला खरंच माहीत नव्हतं?" त्या म्हणाल्या. "मी यांना म्हटलं, पोरीला माहीत असून ती तशी बोलली. हे म्हणाले, नाही, ती नाही बोलणार तशी."

"काय माहीत नव्हतं, काकू?"

"तुझे बाबा झोपतात ना इथे. वहिनी गेल्या त्या उन्हाळ्यापासून. तू झोपलीस की येतात, उजाडायच्या आत खाली. आम्ही मागच्या अंगणात बाजा टाकतो, कठड्याच्या नळ्यांतून आम्हाला दिसते." काकूंनी चिकाचा हात पदराला न लावता तसाच धरला होता. "बोलतात ते. वहिनींशी."

"काय बोलतात?"

"अगं, कान देऊन नाही ऐकलं आम्ही. पण शांत असते ना, येते ऐकू. घरचंच असते. मेथी कडू निघाली. कुंदाला बढती मिळाली. कोणाच्या घरचं लग्न राहून गेलं, आहेर द्यायचा आहे. ऐकलं की आम्ही कूस बदलतो. हेमंतलासुद्धा कधी सांगितलं नाही."

मीटिंगमध्ये काका उठून 'राहू द्या' का म्हणाले, ते आत्ता माझ्या ध्यानात आलं. त्यांनी नातीवर पाणी सोडलं होतं तिथे, चारचौघांत, पण बाबांचं नाव काढलं नव्हतं. आणि मी, पोटची पोर, म्हणाले होते, कोणीच झोपत नाही.

"मग तुम्ही मजला मागितलाच कशाला?" मी म्हणाले. उगाच त्यांच्यावर उलटले.

"मागू नको तर काय करू, बाई? पोर चाललं होतं." काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. "वाटलं, भाऊजी नाही म्हणतील तर नाही, हो म्हणतील तर हो. तुझं नाव पुढे करतील असं नव्हतं वाटलं. आता रोज रात्री बघते, गच्ची रिकामी. काम सुरू झालं त्या दिवसापासून चढले नाहीत वर. मला घास गोड लागत नाही, कुंदा. तुला दोष देत नाही मी. पण तू तसं नव्हतं बोलायला पाहिजे."

ज्यांच्या भल्याचं झालं, त्यांच्या तोंडून हे ऐकलं. कुरड्या अर्ध्याच राहिल्या.

खाली आले तर बाबा कूलरमध्ये बादलीनं पाणी ओतत होते. माझ्याच खोलीतल्या. रोज दुपारी तेच भरायचे, आणि मी कधी विचारलं नव्हतं की तो भरलेला कसा असतो.

"बाबा, तुम्ही वर झोपता?"

त्यांनी आधी बादली पूर्ण रिकामी केली.

"इंदूनं सांगितलं का?"

"मला का नाही सांगितलं? मीटिंगमध्ये का नाही सांगितलं?"

"काय सांगू? लिहा गंधे, म्हातारा गच्चीवर मेलेल्या बायकोशी गप्पा मारते, खिडकी देऊ नका?" ते थोडं हसले. "तुझं नाव घेतलं ते चुकलं माझं. तुला विचारायला पाहिजे होतं. पण विचारलं असतं तर तू विचारलं असतंस, का?"

मी पलंगावर बसले. त्यांनी ओला हात धोतराला पुसला आणि खुर्ची ओढली.

"तुझ्या आजोबांनी आणि बाकीच्यांनी तो नियम का केला, माहीत आहे?"

"बायामाणसांवर नजर पडू नये म्हणून."

"ते लिहायला. असं बघ, या घरांना बाहेरून कमानी आहेत, जहाज आहे, झालर आहे. आत नवरा-बायकोला बसायला जागा कुठे आहे? तीन खोल्या आणि माणसं दहा. माझी आई दिवसभर मधल्या घरात. तुझी आई माझ्यासमोर यायची ती ताट घेऊन, मान खाली घालून. आम्ही दिवसा बोललो असं मला आठवत नाही. जे बोललो ते वर, उन्हाळ्यात, पोरं झोपली की. वर्षभराचं साठवून ठेवायची ती. सगळ्या गच्च्यांवर तेच चालायचं. कोणी कोणाचं ऐकायचं नाही. आता हे कारकुनांनी नियमात कसं लिहायचं? म्हणून लिहिलं, कुटुंब झोपतं."

बाहेर गवंड्यानं सळईवर हातोडा घातला. बाबा तिकडे बघत म्हणाले, "हेमंतलाही तेच पाहिजे. त्या पल्लवीला मी पाहतो ना, नवऱ्याशी दोन शब्द बोलायला डबा घेऊन फाटकापर्यंत येते बिचारी. मला कळत नव्हतं असं नाही, कुंदा. मी वाईट माणूस नाही गं. पण माझंही बोलणं संपलं नव्हतं."

मला रडू फुटलं. बाबांपुढे मी आईच्या वेळेलाही रडले नव्हते. त्यांनी मला गप्प केलं नाही, जवळ घेतलं नाही, त्यांना ते जमायचं नाही. कूलरचं बटण दाबून मला वारा येईल असं तोंड फिरवून दिलं.

"मी काकांना सांगते," मी म्हणाले. "काम थांबवा म्हणते."

"काही सांगायचं नाही. पोरगं पुण्याला नाही म्हणून बसलं आहे, त्याचं वाटोळं करते का? बांधू दे."

"मग स्लॅब पडेपर्यंत तरी चला वर. अजून भिंत कुठे उठली आहे? मी येते सोबत."

"तुला कूलरशिवाय झोप येईल?"

"न यायला काय झालं? लहानपणी यायचीच ना."

संध्याकाळी मी गच्चीवर पाणी मारलं. वाफा निघाल्या, मग हळूहळू फरशी गार झाली. कुरड्यांचं धोतर कडेला सारून मी दोन सतरंज्या टाकल्या, सुरई भरून ठेवली. बाबा वर आले. त्यांनी आपली सतरंजी उचलून सज्ज्याच्या बाजूला नेली आणि शेजारी एका माणसाची जागा सोडून माझी टाकली. त्यांनी ते मुद्दाम केलं नसावं, सवयीनं केलं. मी तिथेच पडले.

त्यांचं बोलणं व्हावं, एवढीच माझी इच्छा होती. माझ्यामुळे ते बंद पडलं होतं, तर माझ्यादेखत एकदा सुरू व्हावं. मी थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलले, मग जांभई दिली, कुशीवर वळले आणि डोळे मिटले. श्वास लांब केला. लहानपणी आईला फसवायला करायची तसा. मच्छर चावले तरी हात हलवला नाही. खाली देवपुजाऱ्यांच्या अंगणात बाजा करकरल्या, काकूंनी नातीला थोपटलं, मग तेही थांबलं.

बाबा उताणे पडले होते. एकदा त्यांनी घसा साफ केला. म्हटलं, आता. पण ते पाणी प्यायले आणि परत पडले. मधे कधीतरी उठून बसले, त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. मी श्वास तसाच चालू ठेवला. ते पुन्हा आडवे झाले.

उजाडायला लागलं तसं त्यांनी सतरंजीची घडी घातली. मी आत्ताच जाग आल्यासारखे डोळे चोळले.

"झोप लागली?" त्यांनी विचारलं.

"मस्त लागली, बाबा. पडल्या पडल्या."

"बरं झालं," ते म्हणाले. उशी काखेत मारून ते जिन्याकडे निघाले आणि पहिल्या पायरीवर थांबले. "म्हणजे आता मीटिंगमधलं माझं बोलणं खोटं नाही. कुंदा झोपते गच्चीवर."

थट्टेनं म्हणाले. हसलेसुद्धा. मी रात्रभर जागी होते हे त्यांना ठाऊक होतं, आणि ते मला कळावं एवढा वेळ ते तिथे उभे राहिले. मग कठड्याला धरून खाली उतरले. त्यानंतर स्लॅब पडला, भिंती उठल्या, पल्लवीच्या खोलीला खिडकी आली आणि तिच्यात दिवा लागला. बाबा पुन्हा वर गेले नाहीत. उरलेले उन्हाळे ते खालच्या खोलीत झोपले, आणि तिथे ते कोणाशी बोलताना मी कधी ऐकलं नाही, दार उघडं ठेवून आणि कूलर बंद करून ऐकलं तरी.